किशोरच्या दारात शकुबाई

नाशिकच्या जेल रोडला माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. माझ्या दुकानाला लागून किशोरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांत मिळून एक लांब पायरी, आणि मधली भिंत इतकी पातळ की मशीन थांबवलं की त्याच्याकडचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं. त्यामुळे शकुबाईचं जे झालं ते मी सुरुवातीपासून पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते तिच्या मुलीनं, तेजस्विनीनं, मला सांगितलं.

शकुबाई दोंदे गायची. आमच्या भागात जयंती असो, लग्न असो की कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, पहिलं बोलावणं तिला जायचं. उंच, काळीसावळी, हाडकुळी बाई, पण तोंड उघडलं की मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत माइकशिवाय ऐकू जायची. नवरा नोटांच्या प्रेसमध्ये होता, तो लवकर गेला. मग ही बालवाडीत मदतनीस म्हणून लागली आणि लेकीला शिकवलं. गाणी तिची स्वतःची. बालवाडीतली पोरं झोपवताना, धुणं धुताना रचलेली. तिला लिहिता येत नव्हतं आणि त्याची गरजही कधी पडली नाही. गाणं एकदा तोंडात बसलं की कायमचं बसलं.

मिश्रीची सवय मात्र जुनी. घसा बसायला लागला तेव्हा जयंतीत ओरडल्यामुळे बसला असेल, असं ती म्हणत राहिली. मग थुंकीत रक्त दिसलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. शकुबाईनं फक्त ऑपरेशन कधी ते विचारलं. घरी आल्यावर लेकीला म्हणाली, "तोवर माझं समदं भरून घे."

तेजस्विनी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती कामावरून आली की मायलेकी खिडक्यांवर गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायच्या आणि कॉम्प्युटरला माइक लावून बसायच्या. आवाज आधीच खरखरीत झालेला, पण चाल कुठं हलली नव्हती. मध्येच घोटभर कोमट पाणी, मग पुढचं कडवं. घशात कळ यायला लागली तरी बाई थांबायची नाही. असं करत करत सगळी गाणी कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये जमा झाली. त्या फोल्डरला तेजस्विनीनं नाव दिलं 'आई'.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यातूनच श्वास. त्यावर ती पांढरं फडकं बांधायची. बोलण्यासाठी गळ्याला लावायचं एक बॅटरीचं यंत्र मिळालं होतं. ते लावून ओठ हलवले की डबड्यातून आल्यासारखा घुर्रर्र आवाज यायचा. पहिल्याच दिवशी शेजारची लहान पोरं तो ऐकून हसली. शकुबाईनं यंत्र कपाटात ठेवून दिलं आणि सगळं हातवाऱ्यांवर भागवू लागली.

तिला कॉम्प्युटरमधलं एवढंच येत होतं: बटण दाबायचं, समोर आलेल्या पिवळ्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची. दुपारची जेवणं झाली की ती कॉम्प्युटर लावायची आणि डोळे मिटून ओठ हलवत, मांडीवर ताल धरत बसायची. तेजस्विनी मला म्हणायची, "आई दुपारी गाते."

मग कॉम्प्युटर बिघडला. चालू व्हायला उशीर, मध्येच बंद, पडदा निळा. तेजस्विनीनं तो रिक्षात घालून किशोरकडे आणला. मी तेव्हा एक अस्तर कापत होते. तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"दादा, डी ड्राइव्हमध्ये 'आई' नावाचं फोल्डर आहे. ते आधी बाजूला काढून घ्या. बाकी काही गेलं तरी चालेल."

"ताई, आधी बॅकअप घेतो, मगच फॉरमॅट मारतो. रोजचं काम आहे हे. टेन्शन घेऊ नका."

किशोर चांदवडकडचा. घरचा कांदा सोडून नाशिकला कोर्स करायला आलेला आणि इथंच राहिलेला. तोंडानं गोड, हात चपळ. पण त्याला कोणाचंच बोलणं शेवटपर्यंत ऐकायची सवय नव्हती. समोरचा सांगत असायचा आणि हा हो-हो करत दुसऱ्याच मशीनचे स्क्रू काढत असायचा.

त्यानं काय केलं ते नंतर उलगडलं. समोरच्या पडद्यावर 'आई' नावाचं चित्र दिसत होतं. ते खरं फोल्डर नव्हतं. डी ड्राइव्हमध्ये आत जावं लागू नये म्हणून तेजस्विनीनं आईसाठी बाहेर ठेवलेली ती नुसती खूण होती. कोपऱ्यात बारीकसा बाण असतो तशी. किशोरनं पडद्यावर दिसत होतं तेवढं उचलून पेन ड्राइव्हवर घेतलं. मग सी, डी सगळे ड्राइव्ह पुसून नव्यानं भाग पाडले, नवीन विंडोज टाकलं आणि ती खूण परत पडद्यावर आणून ठेवली. एवढ्यावर थांबला नाही. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मोकळा झालेला डी ड्राइव्ह त्यानं सिनेमांनी भरून टाकला. जिथं शकुबाईची गाणी होती, त्याच जागेवर.

तेजस्विनीनं न्यायला आल्यावर पडद्यावर 'आई' पाहिलं आणि निश्चिंत झाली. दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये गेली. दुपारी शकुबाईनं जेवण उरकलं, बटण दाबलं, पिवळ्या चित्रावर टिचकी मारली. काहीतरी इंग्रजीत आलं. तिनं परत मारली. परत तेच. तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. बंद करून पुन्हा लावला. तेजस्विनी घरी आली तेव्हा ती त्याच खुर्चीत होती, ताट तसंच पडलेलं, आणि बोट अजून माउसवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कॉम्प्युटर घेऊन दुकानात आल्या. तेजस्विनीचा आवाज चढलेला. किशोरनं मशीन लावून पाहिलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. डेटाची जबाबदारी ग्राहकाची राहील, असं तिथं लाल अक्षरात होतं.

"मी तुम्हाला नाव सांगितलं होतं फोल्डरचं," तेजस्विनी म्हणाली.

"घेतलं ना ताई ते. त्याच्या आत काही नव्हतं त्याला मी काय करू?"

"आत माझ्या आईची गाणी होती."

"गाणीच ना? मोबाइलवर शोधा, अशी हजार सापडतील. त्यासाठी एवढं काय."

तेजस्विनीच्या मागं शकुबाई उभी होती, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. ती पुढं झाली. किशोरच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली, जसं एखाद्याचा चेहरा नीट लक्षात ठेवायचा असतो तसं. मग लेकीचा दंड धरून तिला बाहेर घेऊन गेली.

पुढचा दिवस उजाडला. मी शटर वर केलं तर पायरीवर शकुबाई बसलेली. पांढरी, खळ घातलेली साडी, केसाला तेल, गळ्यावर धुतलेलं फडकं. कार्यक्रमाला जायची तेव्हा ती अशीच तयार होऊन जायची. मला वाटलं, ब्लाउज टाकायला आली. मी आत बोलावलं. तिनं मान हलवली आणि किशोरच्या बंद शटरकडे बोट केलं.

किशोर आला. त्यानं गाडी लावली, तिला पाहिलं, हसला. "मावशी, चहा घेणार का?" ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो आत गेला, ती दारासमोर बसून राहिली. दिवेलागणीला तो घरी निघाला तेव्हा तीही उठली. असं दुसऱ्या दिवशी झालं, तिसऱ्या दिवशी झालं. मग मी मोजायचं सोडून दिलं आणि तिला माझ्याकडचं स्टूल बाहेर काढून देऊ लागले.

ती काहीच करायची नाही. शिवी नाही, कारण शिवीला आवाज लागतो. दगड नाही, रडणं नाही. नुसती बसायची आणि किशोरकडे बघायची. तो स्क्रू काढत असला तर त्याच्या हाताकडे, फोनवर बोलत असला तर तोंडाकडे. गिऱ्हाईक आलं आणि विचारलं, "काय हो आजी, काय झालं?" की ती गळ्यावरचं फडकं बाजूला करून भोक दाखवायची, मग किशोरकडे बोट करायची. गिऱ्हाईक घाबरून किशोरकडे बघायचं. किशोर म्हणायचा, "तसं नाहीये हो, मी काही केलेलं नाही." मग खरं काय ते विचारायला लोक माझ्याकडे वळायचे. मी सांगायचे. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. बरेचसे लोक आपला सीपीयू तसाच परत रिक्षात ठेवायचे.

किशोरनं आपली मोटरसायकल बरोबर तिच्या जागेवर लावायला सुरुवात केली. ती स्टूल उचलून दोन हात सरकली, आता ती त्याला आणखी समोरून दिसू लागली. त्यानं दाराला काळी काच बसवली. ती काचेला नाक लावून आत पाहायची. शेवटी त्यानं पोलिसांना फोन केला. हवालदार आले. त्यांनी विचारलं, "बाई, इथं का बसता?" शकुबाईनं त्यांनाही फडकं बाजूला करून दाखवलं.

"माझ्या पायरीवर बसल्यात त्या," मी आतून म्हणाले. "माझ्याकडे आल्यात."

हवालदारांनी मला विचारून सगळं ऐकून घेतलं. मग किशोरला म्हणाले, "म्हातारी नुसती बसलीय. बसण्यावर कुठलं कलम लावू?" आणि निघून गेले. त्या दिवशी शकुबाईनं माझ्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा मागून घेतला. ऑपरेशनपासून तिचं खाणं सुटलं होतं, दुधावर दिवस काढायची, तेजस्विनी काळजीनं झुरायची. आता ती घरून निघताना भरपेट जेवून यायची. तिच्या गालावर मांस आलं. मला कळत होतं ते कशाचं आहे.

किशोरची बायको पूजा एकदा आली, कडेवर पोर घेऊन. तिनं शकुबाईच्या पायाशी बसून हात जोडले.

"मावशी, याचं चुकलं. मी सांगते, चुकलं. पण आता दुकानात कोणी येत नाही. या लेकराकडे बघा."

शकुबाईनं लेकराकडे पाहिलं. त्याचा हात हातात घेतला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पोर हसलं. मग तिनं ते पूजाकडे परत दिलं, पदर नीट केला आणि मान वळवून पुन्हा काचेतून आत पाहायला लागली. पूजा उठून गेली. तिला जाताना पाहून माझं काळीज हललं. शकुबाईचं हललं असेल तर ते तिनं दाखवलं नाही.

खरं तर तेजस्विनीलाही हे नको झालं होतं. ती लॅबमधून परस्पर इथं यायची आणि आईसमोर बसून सांगायची, "आई, बास कर. जे गेलं ते येणार नाही. तू यंत्र लाव, मला शब्द सांग, मी लिहून घेते." तसा प्रयत्न तिनं घरी केलाही होता. एका गाण्याच्या चार ओळी त्या घुर्रर्र आवाजात शकुबाईनं सांगितल्या, तेजस्विनीनं वाचून दाखवल्या. शकुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. चाल नव्हती त्यात. चाल तिच्या डोक्यात होती आणि तिथून बाहेर यायला आता रस्ता नव्हता. गाणं आठवतंय, रोज आठवतंय, आणि जगात दुसऱ्या कोणालाच ते ऐकू येणार नाही. जयंतीत लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओही तेजस्विनीनं गोळा केले होते, पण त्यात सगळीकडे डीजेचा धडाका, आणि आई नुसती तोंड हलवताना दिसायची. आत्ता दिसते तशीच.

शेवटी किशोर वाकला. त्यानं तेजस्विनीकडून तो कॉम्प्युटर मागून घेतला, हार्ड डिस्क बाहेर काढली आणि पुसलेलं परत मिळवायच्या मागं लागला. बाकीची कामं बाजूला ठेवली. तशी फारशी उरलीही नव्हती. काचेआड तो तासन् तास पडद्याकडे बघत बसायचा आणि काचेबाहेर शकुबाई त्याच्याकडे. जेवायलाही उठायचा नाही. मी मनात म्हणायचे, एवढं लक्ष त्या दिवशी दिलं असतंस तर.

एके दिवशी भरदुपारी त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "मावशी, आत या." मग माझ्या दाराकडे वळून, "लताताई, तुम्हीपण या."

त्याच्या डोळ्याखाली काळं झालं होतं. त्यानं शकुबाईला खुर्ची दिली आणि स्पीकर लावला. जे मिळालं होतं त्याला गाणी म्हणणं कठीण. अर्धी ओळ, मग खरखर. एक लांब सूर, मध्येच तुटलेला. नुसती किर्रर्र. ढोलकीऐवजी मांडीवर पडलेली थाप आणि पुढं शांतता. असे किती तरी तुकडे, एकालाही नाव नाही. शकुबाई हाताची घडी घालून ऐकत होती. मग एक तुकडा आला, अगदी स्वच्छ. त्यात तिनं घसा खाकरला आणि म्हणाली, "तेजू, पंखा बंद कर गं, आवाज येतोय त्याचा."

एवढंच. पुढं काही नाही.

शकुबाईनं बोटानं खूण केली, परत. किशोरनं परत लावलं. परत. मीही ऐकत होते. हा आवाज मी इतक्या वर्षांत हजारदा ऐकला होता, रस्त्यातून हाक मारताना, भाजीवाल्याशी भांडताना. माझे डोळे भरून आले. किशोरचे तर वाहतच होते.

"मावशी, यापेक्षा जास्त नाही मिळत," तो म्हणाला. "त्याच्यावर मी सिनेमे टाकले होते. माझंच चुकलं. आता तरी मला माफ करा."

शकुबाईनं पिशवीत हात घातला. मला वाटलं रुमाल काढते. तिनं यंत्र काढलं. ते कधीपासून पिशवीत घेऊन फिरत होती, कोणास ठाऊक. तिनं ते गळ्याला लावलं, दाबलं, आणि त्या डबड्याच्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "तू उघडून नाय पाह्यलं."

किशोर खाली पाहत राहिला.

"उघडलं असतं, तर रिकामं दिसलं असतं. एक टिचकी. मला येती. तुला नाय आली?"

तिनं यंत्र परत पिशवीत टाकलं, हात पुढं केला. त्यानं तुकड्यांचा पेन ड्राइव्ह तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो कनवटीला लावला आणि निघाली. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, संपलं.

सकाळी शटर वर केलं तर पायरीवर शकुबाई. पांढरी साडी, केसाला तेल.

"आता कशाला हो?" मी विचारलं. "त्यानं कबूल केलं ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मूर्खासारखं काहीतरी विचारलं. मग स्टूलसाठी हात पुढं केला.

किशोरनं ते आणखी काही दिवस सोसलं. एका रविवारी टेम्पो लागला आणि सामान हललं. पूजा गाडीवर मागं बसली होती, मांडीवर मॉनिटर. सोमवारी शकुबाई आली तेव्हा पाटी निघालेली, शटरला मालकाचं कुलूप. ती त्या कुलपाकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, मी धावले. ती हसत होती. गळ्यातल्या भोकातून फुस्स फुस्स हवा बाहेर पडत होती, फडकं उडत होतं, आणि डोळ्यांतून पाणी. बराच वेळ हसली. मग माझ्या दुकानात आली आणि ब्लाउजपीस दाखवून, गळ्याला बंद कॉलर हवी, असं हातानं सांगितलं. मी माप घेतलं. दंड भरला होता तिचा.

दिवाळीच्या आधी लेसचं सामान आणायला मी इंदिरानगरला गेले. एका गल्लीत किशोर दिसला. छोटंसं दुकान, नवीन पाटी. आत एक गृहस्थ घाईत होते, "अहो, घेतला ना बॅकअप? मग टाका विंडोज," असं म्हणत होते. आणि किशोर त्यांना बाजूला बसवून एकेक फोल्डर उघडायला लावत होता. "हा फोटो उघडा. हा व्हिडिओ चालवून बघा. शेवटपर्यंत बघा साहेब. तुम्ही बघितलं म्हणाल्याशिवाय मी मशीनला हात लावणार नाही." गृहस्थ वैतागून गेले होते. किशोर हटत नव्हता.

मला पाहून तो बाहेर आला. चहा सांगितला. पूजा बरी आहे, पोरगं चालायला लागलंय, वगैरे बोलला. बोलताना त्याची नजर सारखी माझ्या मागं रस्त्याकडे जात होती.

"मावशी कशा आहेत?" त्यानं विचारलं.

"चांगल्या आहेत."

"त्यांना माहितीये का मी इथं आहे ते?"

"माझ्याकडून तरी नाही," मी म्हणाले. ते तेव्हा खरं होतं.

परत आल्यावर मी शकुबाईला सांगितलं. किशोर आता प्रत्येकाला उघडून दाखवतो, हात लावायच्या आधी शेवटपर्यंत बघायला लावतो, हेही सांगितलं. मला वाटलं, ऐकून तिला बरं वाटेल. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. एकदा मानही डोलावली. मग दोन्ही हात स्टिअरिंगसारखे धरून फिरवले आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. बस कुठून मिळते, असं विचारत होती.

"द्वारका चौकात बस बदलावी लागेल," मी म्हणाले.